चटईची घडी आणि एन्ट्रॉपीचा हिशेब

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत विणली जाणारी प्लॅस्टिकची चटई खानदेशातील बहुतेक घरांत पोहोचलेली आहे. वसतिगृहात तिच्यावर मुले अभ्यासाला बसतात, विहारात वंदनेला बसतात, लग्नघरी तिच्यावर पंगत बसते. वापरणाऱ्या प्रत्येकाच्या एक गोष्ट नजरेस आलेली असते. चटई मध्ये फाटत नाही, ती घडीवर फाटते. मधला भाग रंगाने अजून चांगला असतो आणि घडीची रेषा तेवढी पांढरट पडून तिथली एकेक तार तुटू लागते. जी चटई अंगणात किंवा गच्चीवर उन्हात पडून राहते तिची गत आणखी निराळी. तिच्यावरून हात फिरवला की बोटांना भुकटी लागते, आणि मग एका घडीतच ती मोडते.

प्लॅस्टिकची वस्तू किती ‘वापरली गेली’ हे ती तुटण्यापूर्वी कसे ओळखावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न चटईपुरता असता तर त्यावर स्मरणिकेची पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. चटई फाटली तर दुसरी आणता येते. परंतु रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबकची काळी नळी ऐन मे महिन्यात जागोजागी चिरली, तर बागेला पाण्यावाचून थोडे दिवसही काढता येत नाहीत. धुळे जिल्ह्यात साक्री-शिंदखेड्याकडे पावसाचे पाणी धरून ठेवण्यासाठी शेततळी खोदली गेली; ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली तेव्हापासून त्यांची संख्या वाढली. त्यांतील प्लॅस्टिकचे अस्तर पाण्याच्या पातळीच्या वर, जिथे ऊन लागते आणि जिथे घडी पडलेली असते, तिथे आधी फाटते. नळी असो वा अस्तर, पैसे बहुधा कर्जाचे असतात. हमी मात्र वर्षांत दिली जाते. सावलीत गेलेले वर्ष आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गेलेले वर्ष हमीपत्राच्या लेखी सारखेच.

इतिहासाच्या शिक्षकाने उष्मागतिकीवर लिहावे हे काहींना वावगे वाटेल. आमचे म्हणणे असे की, पदार्थविज्ञानाच्या बहुतेक नियमांत काळ पुढे गेला काय नि मागे गेला काय, फरक पडत नाही. एन्ट्रॉपी ही एकच अशी राशी आहे जी ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत भेद करते. इतिहासाच्या माणसाला तिच्याविषयी आपुलकी वाटावी यात नवल नाही. शिवाय आपले अनेक माजी विद्यार्थी आज जळगावच्या पाइप आणि चटईच्या कारखान्यांत यंत्रावर उभे आहेत. त्यांच्या हातून रोज जे घडते त्यामागचे शास्त्र त्यांच्या मुलांना मराठीत वाचायला मिळावे, एवढी इच्छा आहे.

प्रथम पदार्थ पाहू. प्लॅस्टिक, रबर, कापूस हे सारे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर होत. एकच लहान रासायनिक कडी हजारो वेळा जोडली जाऊन लांबच लांब साखळी बनते. कापसातील सेल्युलोज अशीच साखळी आहे. त्या अर्थाने खानदेश पॉलिमरचा व्यापार पाइपांच्या कितीतरी आधीपासून करीत आला आहे. रेणू इतके लांब असू शकतात हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा समव्यवसायींनी ते मानले नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी ज्या विषयात नाव मिळवले तो विषयही पॉलिमरचाच.

आता एन्ट्रॉपी. या कल्पनेचा जन्म वाफेच्या इंजिनापोटी झाला. कोळशाच्या उष्णतेतून अधिकात अधिक किती काम काढता येईल हा प्रश्न फ्रान्समध्ये सादी कार्नो यांनी १८२४ साली विचारला. त्याचा माग काढत रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८६५ साली ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द घडवला. त्याच दशकात वाफेची गाडी भुसावळला पोहोचली होती, हा योगायोग विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. क्लाउझियस यांची व्याख्या साधी आहे : एखाद्या वस्तूला दिलेल्या उष्णतेस तिच्या केवल तापमानाने, म्हणजे केल्विनमधील तापमानाने भागावे, आलेला भागाकार हा एन्ट्रॉपीतील बदल. पुढे लुडविग बोल्ट्झमान यांनी तिचा दुसरा अर्थ उलगडला. रेणूंची एखादी अवस्था जितक्या अधिक प्रकारांनी साधता येते, तितकी तिची एन्ट्रॉपी अधिक. व्हिएन्ना येथील त्यांच्या समाधीवर हेच सूत्र कोरलेले आहे.

‘प्रकारांची संख्या’ म्हणजे काय, हे वर्गात गणिताने दाखवता येते. दहा कड्यांची साखळी घ्या. प्रत्येक कडी उजवीकडे किंवा डावीकडे वळू शकते असे माना. एकूण मांडण्या दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. साखळी उजवीकडे पूर्ण ताणलेली असण्याचा प्रकार फक्त एक. आठ कड्या उजवीकडे आणि दोन डावीकडे असण्याचे प्रकार ४५. पाच इकडे, पाच तिकडे, अर्थात साखळीची दोन्ही टोके एकत्र आलेली, असे प्रकार २५२. प्रार्थनेच्या रांगेत मुले उभी राहण्याची तऱ्हा एकच असते आणि सुटीची घंटा झाल्यावर मैदानात विखुरण्याच्या तऱ्हा अगणित असतात, तसेच हे. साखळीला गुंडाळीत राहायला कोणी ‘आवडते’ म्हणून ती गुंडाळत नाही. गुंडाळीचे प्रकारच इतके आहेत की उष्णतेने सतत हलणारी साखळी बहुतेक वेळ तिथेच सापडते.

रबर ताणले की परत का येते, याचे उत्तर एवढेच आहे. ताणताना आपण साखळ्यांना थोड्या प्रकारांच्या अवस्थेत ढकलतो, सोडले की त्या बहुप्रकारांच्या अवस्थेकडे परततात. हे गणित वेर्नर कून, यूजीन गुथ आणि हेर्मान मार्क यांनी १९३०च्या दशकात बसवले. पुढे पॉल फ्लोरी यांना पॉलिमरवरील कामाबद्दल १९७४ चे नोबेल मिळाले. निरीक्षण मात्र फार जुने आहे. इंग्लंडमधील केंडल गावच्या जॉन गफ यांनी ते १८०५ साली प्रसिद्ध केले. गफ बालपणीच देवीच्या रोगाने अंध झाले होते. त्यांनी रबराची पट्टी ओठांना लावून ताणली, ती कोमट लागली. सैल सोडली, ती गार लागली. हेच गफ जॉन डाल्टन यांचे शिक्षक. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या माणसाला घडवणारा हा दृष्टिहीन शिक्षक आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच भेटत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. कोणत्याही घरात रुंद रबरबँड घेऊन हा प्रयोग आज करता येईल. गफ यांचे दुसरे निरीक्षण याहून नवलाचे आहे. रबराला वजन टांगावे आणि त्यावर गरम पाणी ओतावे. लोखंडाची तार अशा वेळी लांबेल. रबर आखडते आणि वजन वर उचलते.

चटईतही हे दिसते, फक्त आपण त्याला अपघात म्हणतो. गरम पातेले चटईवर ठेवले की ती वितळण्याच्या आधीच आखडते, तिथे कडक गाठ बनते. याचे कारण कारखान्यात आहे. पॉलिप्रॉपिलिनची तार साच्यातून बाहेर पडली की ती गरम अवस्थेत कित्येक पट ताणतात आणि त्याच स्थितीत थंड करतात. रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने ओढल्या जातात आणि तशाच गोठतात. त्यामुळेच तारेला बळ येते. पातेल्याच्या उष्णतेने त्यांना पुन्हा हालचालीची मुभा मिळते आणि त्या गुंडाळीकडे धावतात. यंत्रावर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तारेत भरलेली ही ओढ महिनोन्‌महिने दबून असते. गणवेशाला इस्त्री करताना पाणी का शिंपडावे लागते, याचेही उत्तर याच अंगाने मिळते : पाणी शिरले की सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींचा हात सोडतात आणि उष्णता व दाब यांनी नव्या जागी बसतात.

येथवरची एन्ट्रॉपी उलट फिरणारी आहे. रबर ताणा, तिची घट होते. सोडा, ती भरून निघते. रबर पूर्ववत. वस्तू झिजते ती या एन्ट्रॉपीने नव्हे. विद्यार्थी, आणि काही शिक्षकही, येथे गोंधळतात म्हणून हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. झीज मोजायची तर निराळी राशी पाहावी लागते, आणि ती म्हणजे विरूपण होताना नव्याने *उत्पन्न* झालेली एन्ट्रॉपी. ही कधीही उणे नसते. वस्तू मूळ आकारात आली तरी हिचा आकडा मागे येत नाही.

प्लॅस्टिकची पट्टी एकाच जागी दहा-वीस वेळा भरभर वाकवून लगेच गालाला लावून पाहा. ती जागा गरम झालेली असते. आपण वाकवताना दिलेल्या कामापैकी काही भाग पट्टी परत देते, उरलेला उष्णता होऊन हरवतो. साखळ्या एकमेकींवरून घसरतात, काही तुटतात, सूक्ष्म पोकळ्या पडतात. घडीवर दिसणारा पांढरा रंग त्या पोकळ्यांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा आहे, तो रंग उडालेला नसतो. दर वेळी हरवलेल्या ऊर्जेस केवल तापमानाने भागले की त्या घडीने उत्पन्न केलेली एन्ट्रॉपी मिळते. अशा सर्व घड्यांची बेरीज करीत जावे. जमाखर्चाच्या वहीत खर्चाचीच बाजू असावी, तसा हा प्रकार.

ही बेरीज उपयोगाची आहे काय? अमेरिकेत मायकेल ब्रायंट, मायकेल खोन्सारी व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली झीज आणि उत्पन्न एन्ट्रॉपी यांची सांगड घालणारा सिद्धान्त मांडला. २०१० साली खोन्सारी यांच्या गटाने धातूंच्या पट्ट्या पुन्हापुन्हा वाकवून, पिळून, ओढून तोडल्या. भार कमी केला तर पट्टी अधिक फेरे टिकली, वाढवला तर लवकर तुटली. यात नवे काही नाही. परंतु तुटेपर्यंत साठलेल्या एन्ट्रॉपीची बेरीज प्रत्येक वेळी जवळपास तीच आली. त्यांनी वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूसाठी ती दर घन सेंटिमीटरला केल्विनमागे सुमारे ४ ज्यूल होती, तर स्टेनलेस स्टीलच्या एका प्रकारासाठी सुमारे ६० ज्यूल.

हिशेब करून पाहू. समजा, त्या ॲल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरमध्ये प्रत्येक फेऱ्याला ०.३ ज्यूल ऊर्जा हरवते आणि तापमान ३०० केल्विन, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सियस आहे. एका फेऱ्याची एन्ट्रॉपी ०.००१ ज्यूल. ४ ज्यूलची मर्यादा गाठायला ४००० फेरे लागतील. भार हलका करून हानी ०.०३ ज्यूलवर आणली, तर ४०,००० फेरे. दोन्ही पट्ट्यांचे ‘वय’ निरनिराळे, सोसणे मात्र सारखे. ज्याला हे एक उदाहरण नीट समजले त्याला या लेखाचा गाभा समजला.

पॉलिमरच्या बाबतीत मात्र गाडी इतकी सरळ चालत नाही. या पद्धतीचा गौरव करणारे काही लेखक अडचणी झाकून नेतात, ते आम्हांस पटत नाही. पहिली अडचण अशी की पॉलिमर वाकवताना हरवणारी सारी ऊर्जा इजा करीत नाही. वाहनाचे टायर रस्त्यावर फिरताना गरम होते, एन्ट्रॉपी सतत उत्पन्न होते. त्यातील बराचसा भाग साखळ्यांच्या निरुपद्रवी घर्षणाचा असतो. धातूसारखी सगळी बेरीज घेतली तर टायर लवकर ‘मृत’ ठरेल आणि प्रत्यक्षात धावत राहील. इजा करणारा वाटा वेगळा काढावा लागतो, आणि खरे कष्टाचे काम तेच आहे.

दुसरी अडचण उन्हाची. नवी पॉलिप्रॉपिलिन घडीला फार चिवट असते. बाटलीच्या झाकणाला जोडलेली पातळ पट्टी याच द्रव्याची असते आणि ती हजारो वेळा उघडझाप सोसते. मग चटई घडीवर का मोडते? कारण घडीच्या आधी उन्हाने आपले काम केलेले असते. सूर्याचे अतिनील किरण साखळीतील बंध तोडतात, हवेतील ऑक्सिजन तुटक्या टोकाला चिकटतो, त्यातून पुढचे बंध तुटतात. लांब साखळ्यांच्या आखूड साखळ्या होतात. पॉलिप्रॉपिलिनच्या कड्यांची रचनाच अशी की तिला हा रोग लवकर जडतो. ही रासायनिक क्रियाही उलट न फिरणारी, म्हणून तिचीही एन्ट्रॉपी त्याच वहीत मांडली पाहिजे. केवळ घड्या मोजणारा हिशेब खानदेशात चुकणारच.

येथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढतो. एन्ट्रॉपी काढताना तापमानाने भागायचे, तर तापमान वाढल्यावर भागाकार कमी येईल. मग उन्हाळ्यात प्लॅस्टिक जास्त टिकायला हवे! शंका चांगली आहे. ३०० केल्विनऐवजी ३१८ केल्विनने भागल्यास आकडा सहा टक्क्यांनीच उतरतो. उलट रासायनिक क्रियांचा वेग, ढोबळ नियमाने, दर दहा अंशांना दुपटीच्या आसपास जातो. काळी नळी दुपारी हवेपेक्षाही अधिक तापते. भाजक किंचित वाढतो, भाज्य कित्येक पट वाढते.

ठिबकच्या नळीला काळा रंग दिला जातो तो या कारणाने. पॉलिथिलिनमध्ये वजनाने साधारण दोन ते तीन टक्के काजळी मिसळतात. ती अतिनील किरण स्वतः शोषते आणि साखळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. काजळी कमी पडली किंवा नीट मिसळली गेली नाही तर नळी पहिल्या दिवशी तितकीच काळी, तितकीच गुळगुळीत दिसते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो फरक कळण्याचा मार्ग नाही, म्हणून मानक चिन्ह पाहूनच नळी घ्यावी असा आग्रह आम्ही पालकांना करू. नळीवर रोजचा ताणही येतोच. शंभर मीटरची नळी तापमान पंचवीस अंशांनी वाढले की साधारण अर्धा मीटर लांबते. सकाळी सरळ असलेली नळी दुपारी सापासारखी वळवळलेली दिसते ती त्यामुळे. पहाटे ती आखडते तेव्हा खुंटीला आणि जोडाला ओढ बसते. नांगरटीच्या वेळी गुंडाळताना एकाच ठिकाणी दुमडली गेली, तर वहीत आणखी एक नोंद पडते. उन्हाळ्यात मोकळे पडलेले रान असेल तर नळ्या काढून सैल वेटोळ्यांनी सावलीत ठेवाव्यात, हा अनुभवी शेतकऱ्याचा रिवाज या शास्त्राला धरूनच आहे.

आणखी एका जाणकारीविषयी लिहिणे आवश्यक आहे. भंगारात आलेले प्लॅस्टिक निवडणाऱ्या स्त्रिया तुकडा हातात घेतात, वाकवतात, त्याचा आवाज ऐकतात, शंका आली तर पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो हे पाहतात. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड म्हणून बुडते, पॉलिप्रॉपिलिन व पॉलिथिलिन तरंगतात. कडकन मोडणारा तुकडा वेगळा, लवणारा वेगळा. साखळ्या आखूड झाल्या आहेत की नाहीत, याची ही परीक्षाच आहे. त्या कोणत्या वस्त्यांतून येतात हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागणार नाही. त्यांनी निवडलेल्या मालाचा पुन्हा दाणा बनतो आणि त्याच दाण्यातून स्वस्त चटई विणली जाते. प्रत्येक वेळी वितळवताना पॉलिप्रॉपिलिनच्या आणखी काही साखळ्या तुटतात. वहीतला जुना खर्च नव्या रंगाने पुसला जात नाही. म्हणून निवड जितकी चोख, तितकी पुढची चटई टिकाऊ. या कौशल्याला मजुरीच्या दरात काहीच मोल मिळत नाही. प्रयोगशाळेत उष्णता टिपणारा कॅमेरा लावून जे मोजतात, त्याचे ढोबळ रूप त्यांच्या बोटांत आहे, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

शाळेत असा कॅमेरा नाही, पण एक प्रयोग आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येईल. एकाच नव्या चटईच्या हातभर लांबीच्या चोवीस पट्ट्या कापाव्यात. बारा गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बांधाव्यात, बारा कपाटात अंधारात ठेवाव्यात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोन्हींतील एकेक पट्टी काढून एकाच रेषेवर घडी घालावी आणि उलगडावी, पहिली तार तुटेपर्यंतच्या घड्या मोजाव्यात. कपाटातली पट्टी दमवणार, तेव्हा पाचशे घड्यांवर थांबून ‘पाचशेहून अधिक’ असे लिहावे. त्या दिवशीचे दुपारचे तापमान आणि आकाश निरभ्र होते की ढगाळ, हेही लिहावे. सुरुवात फेब्रुवारीत करावी, म्हणजे मार्च ते मे या तीन महिन्यांचे ऊन आणि पावसाळ्याचे ढग दोन्ही एकाच तक्त्यात येतील. घडी घालणारा विद्यार्थी मात्र वर्षभर एकच असावा, कारण प्रत्येकाच्या बोटांचा दाब निराळा असतो.